रुमालाचा रंग

मुंबईच्या जाहिरातव्यवसायात उमेदीची वर्षे घालवून, साबणाच्या वड्यांना आणि विम्याच्या योजनांना मोहक रूप देण्याचे काम एका वयानंतर पुरे वाटू लागले आणि मी कशेडीच्या घरी येऊन राहिलो, तेव्हा या घाटात माझ्या विद्येला गिऱ्हाईक मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर इच्छाही नव्हती. परंतु पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांतील घरटी एक माणूस मुंबईस, आणि अलीकडे पुण्यास, चाकरीला असतोच. आणि अशा चाकरमान्यांच्या पुढच्या पिढीतील काही मुले, जी गिरणीत किंवा गोदीत न जाता संगणकाच्या कंपन्यांत लागली होती, त्यांनी आपल्या सुट्टीच्या वेळात एक प्रणाली रचली होती. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी यांची आकारणी, वसुली, पावती आणि थकबाकी यांचा हिशेब ठेवणारी ही प्रणाली मुक्त परवान्याची होती; म्हणजे कोणीही ती विनामूल्य वापरावी, तिचा कोड उघडून वाचावा, त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करावा आणि तो बदल पुन्हा सर्वांच्या हवाली करावा, असा तिचा शिरस्ता. या खटाटोपाचे मूळ एका आपत्तीत होते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या पावसाळ्यानंतर भिजून लगदा झालेली दप्तरे अंगणात वाळत घातलेली ज्यांनी पाहिली, त्यांना हिशेबाची एक प्रत पाण्याच्या आवाक्याबाहेर असावी हे निराळे समजावून सांगावे लागले नाही.

या मुलांपैकी एकजण एका मे महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "काका, प्रणाली चालते चांगली, पण दिसते वाईट. तुम्ही तिला एक लोगो करून द्या." मी प्रणाली पाहिली. ती वाईट दिसत नव्हती. ती अनेक दिसत होती. आकारणीचा पडदा एकाने केलेला, पावतीचा दुसऱ्याने, थकबाकीच्या यादीचा तिसऱ्याने, आणि प्रत्येकाने आपापल्या कंपनीतील सवयी बरोबर आणलेल्या. एका पडद्यावर 'जतन करा' हे बटण उजवीकडे, दुसऱ्यावर तेच 'सेव्ह' या नावाने डावीकडे. पाण्यासाठी एके ठिकाणी थेंब, दुसरीकडे नळ, तिसरीकडे टाकी. आणि निळ्या रंगाच्या तर इतक्या छटा, की कोडमध्ये शोध घेतला असता जवळजवळ प्रत्येक फाइलीत एक नवा संकेतांक सापडे. वापरणाऱ्या माणसाला याचे कारण ठाऊक नसते; त्याला एवढेच जाणवते की आपण एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत आलो, आणि तेथील कारकून आपल्याला ओळखत नाही. अशा प्रणालीवर बोधचिन्ह चिकटविणे म्हणजे घरात पाच चुली मांडलेल्या कुटुंबाच्या दारावर एकच पाटी लावण्यासारखे होते. लोगोची गोष्ट शेवटी पाहू, असे मी सांगितले, आणि तो मुलगा किंचित निराश होऊन गेला.

लोगो कसला असावा याविषयी मात्र सर्वांची मते आधीच ठरलेली होती. रायगड असावा, राजमुद्रा असावी, नाहीतर तीन सिंह तरी असावेत. सिंहांचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला: भारताच्या राजचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे, आणि ते चिन्ह खासगी माणसांनी आपल्या हौसेने वापरावयाचे नसते. रायगडाविषयी माझा आक्षेप निराळा होता. महाडपासून पोलादपूरपर्यंत दुतर्फा दुकानांच्या पाट्या वाचीत जावे, तर गाद्यांच्या दुकानापासून रसवंतीगृहापर्यंत कोठे ना कोठे रायगड आहेच. आणि जी खूण सर्वांची आहे ती आपली एकट्याची ओळख होऊ शकत नाही, मग तिच्याविषयी आपल्या मनात कितीही भक्ती असो. हा युक्तिवाद मुलांना पटला असे मी म्हणणार नाही. माझ्या वयाचा मान राखून त्यांनी तो ऐकून घेतला एवढेच.

एकरूपता कशी साधावी याचा पाठ घेण्यास मला लांब जावे लागले नाही. माझ्या घराच्या खालून मुंबई-गोवा महामार्ग जातो. आता भोगावापासून पलीकडे जाणारा, सुमारे पावणेदोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे, २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास त्याची एक बाजू खुली झाली आणि धामणदेवीची वळणे घेत चढणाऱ्या जुन्या घाटातली रहदारी ओसरली; पण त्या जुन्या रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड अजून उभे आहेत. पिवळे डोके, पांढरे अंग, काळी अक्षरे. राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळ्या डोक्याचा, राज्यमार्गाचा हिरव्या, ग्रामसडकेचा नारिंगी. ही व्यवस्था सिद्ध करणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ सालापासून आहे, आणि तिच्या संहितांमध्ये किलोमीटरच्या दगडाचा आकार निराळ्या संहितेत, दोनशे मीटरच्या दगडाचा निराळ्या, पाटीवरील अक्षरांच्या उंचीचा आणखी निराळ्या संहितेत ठरविलेला आहे. पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंतच्या या रस्त्यावर किती ठेकेदारांनी आणि किती गवंड्यांनी हे दगड घडविले असतील कोण जाणे. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल, आणि तरी कारवारच्या पुढे गाडीत डुलकी लागून जागा झालेला मनुष्य खिडकीतून एक दगड पाहतो आणि आपण त्याच रस्त्यावर आहोत हे त्याला कळते. पुढे २०१० च्या सुमारास राष्ट्रीय महामार्गांना नवे अनुक्रमांक मिळाले, सतराचा सहासष्ट झाला, दगडावरचा आकडा बदलला. दगड बदलला नाही.

इंग्लंडात १९५७ नंतर जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी रस्त्यांच्या पाट्यांसाठी अक्षरे रेखिली, तेव्हाही त्यांच्यापुढे प्रश्न अक्षर सुंदर कसे दिसेल हा नव्हता. वेगाने जाणाऱ्या गाडीतून ते किती अंतरावरून वाचता येईल हा होता, आणि त्याची परीक्षा त्यांनी माणसांपुढे पाट्या नेऊन घेतली. विद्यार्थिदशेत, सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकत असताना, हा इतिहास आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मला समजला तो कशेडीस, पावसाळ्यातील धुक्यात, जेव्हा दहा पावलांवरचे झाड दिसत नसे आणि पिवळे डोके तेवढे दिसे.

तेव्हा मी मुलांना सांगितले की आपण चित्र काढणार नाही, संहिता लिहिणार आहोत. आणि ती अशी लिहू की उद्या गडचिरोलीच्या एखाद्या मुलाने, आपल्याला न विचारता, या प्रणालीला एक पडदा जोडला, तरी तो आपलाच दिसावा. मुक्त परवान्याच्या कामात ही गोष्ट अधिकच निकडीची असते, कारण तेथे कोणी कोणाचा नोकर नसतो आणि हुकूम देण्याची सोय नसते. कंपनीत मी म्हटले की बटण उजवीकडे, तर ते उजवीकडे जाई, कारण महिनाअखेरीस पगार होता. येथे प्रत्येक नियमाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागणार होते. म्हणून आम्ही असे ठरविले की नियमावलीत प्रत्येक नियमाखाली 'कारण' या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य असावे, आणि ज्या नियमाचे कारण लिहिता येत नाही तो नियम गाळावा. या एका अटीने माझे पुष्कळसे लाडके नियम गळाले. बटणाचे कोपरे किती गोल असावेत याविषयी माझे ठाम मत होते. कारण लिहावयास बसलो आणि मला आवडते यापलीकडे लेखणी सरेना.

रंगाचे प्रकरण मात्र फार दिवस चालले, आणि ते तसे चालणे योग्यच होते. शहरातील कंपनीला रंग निवडताना प्रतिस्पर्धी कंपनीचा रंग टाळला म्हणजे झाले. महाड-पोलादपुरात प्रत्येक रंगाला आधीच धनी आहे. भगवा घ्यावा तर तो रायगडाच्या पायथ्याशी कोणाचा आणि किती अर्थांनी आहे हे सांगावयास नको. निळा घ्यावा तर ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, तेथे निळ्या रंगाला जो इतिहास आहे तो पाणीपट्टीच्या पावतीवर शोभेसाठी उसना घेण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीने तर त्याविषयी दुप्पट जपून असावे. हिरव्यालाही त्याचे मोहल्ले आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही हे खरे. पण पॅनेलांना रंग असतात, गुलालालाही असतो, आणि कर भरणारा मनुष्य पावती हाती घेताना ती कोणाच्या रंगाची आहे हे न बोलता पाहून ठेवतो. मुलांपैकी काहींना हा विचार अतिरेकी वाटला. रंग हा रंग असतो, असे त्यांचे म्हणणे. ती मुले बहुतेक शहरात वाढलेली होती.

तोडगा निघाला तो जुन्या दप्तरखान्याच्या आठवणीतून. पूर्वी सरकारी कागद ज्या चौकोनी वस्त्रात बांधून ठेवीत त्या वस्त्राला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांची मोजदाद आजही रुमालांनीच होते. माझ्या पाहण्यातले असे रुमाल मूळचे तांबडे, परंतु वर्षानुवर्षांची धूळ, ऊन आणि हातांचा घाम यांनी उतरून मंजिष्ठी झालेले असत. त्यात लाल, तपकिरी आणि किंचित जांभळा असे तिन्ही होते आणि ठामपणे कोणताच नव्हता. हा रंग कोणत्याही ध्वजावर नाही, कोणत्याही पॅनेलचा नाही. आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी कचेरीची पायरी चढली आहे त्याच्या मनात तो कागद, नोंद, जपणूक यांच्याशीच जोडलेला असतो. पांढऱ्यावर तो रंग लिहिला असता अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तफावत वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेल्या साडेचारास एक या प्रमाणाहून बरीच अधिक भरली, म्हणजे स्वस्तातल्या फोनवर, भर उन्हात, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहूनही तो वाचता येणार होता. कोडमध्ये रंगाला 'मंजिष्ठी' असे नाव न देता 'मुख्य' असे दिले, आणि सर्व छटांचे संकेतांक जागोजागी न लिहिता एकाच फाइलीत आणून ठेवले. कारण उद्या रंग बदलला तर नाव खोटे पडू नये, आणि बदल एकाच ठिकाणी करावा लागावा.

याच ओघात थकबाकीचा रंग आला, आणि तो धडा मला एका ग्रामसेवकाने, ज्यांना सारे भाऊसाहेब म्हणतात त्यांनी, दिला. जगातील सर्व प्रणालींप्रमाणे आमच्याही प्रणालीत थकीत खातेदाराचे नाव लाल अक्षरांत उमटे. भाऊसाहेब म्हणाले, "तुमचा पडदा मी गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवतो, तेव्हा म्हातारा माणूस आपलं नाव तांबड्यात बघतो आणि त्याच्या मागं चार जण उभे असतात. पैसे तो देणारच असतो हो, भात विकला की देतो. पण तांबडं नाव बघितलं की भांडतो." लाल-हिरव्यातला भेद न कळणारी माणसे असतात, त्यांत पुरुषच अधिक, म्हणून केवळ रंगावर अर्थ टांगू नये हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण माणसाच्या नावाला रंग देणे ही एक प्रकारची जाहीर शिक्षा आहे, हे पुस्तकात नव्हते. नाव सर्वांचे काळे राहिले. थकीत रकमेपुढे एक रिकामा चौकोन आणि भरलेल्या रकमेपुढे भरीव चौकोन, एवढीच खूण ठेवली. नियमावलीत तो नियम असा आहे: मनुष्याचे नाव कोणत्याही कारणाने रंगवू नये. त्याखालचे 'कारण' भाऊसाहेबांच्याच शब्दांत आहे.

अक्षरांकडे वळताना मला थोडे विषयांतर करावे लागेल, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे. राज्यकारभाराला स्वतःचे एक अक्षरवळण असावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बाळाजी आवजी चिटणिसांच्या हाताने मोडीला जे रूप आले ते चिटणिशी वळण म्हणून मान्यता पावले, पेशवाईत बिवलकरी वळण रूढ झाले, आणि कारकुनाची नेमणूक करताना त्याच्या बुद्धीइतकेच त्याच्या अक्षराकडेही पाहत. कारण कागद वाचण्यापूर्वीच तो कोठल्या दप्तराचा हे अक्षराने कळावे. छापखान्यांच्या काळात हेच काम खिळ्यांनी केले. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे पान जाणत्या वाचकाला मुखपृष्ठ फाटलेले असले तरी ओळखता येते. संगणकाच्या काळात र. कृ. जोशी यांनी रेखिलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला, आणि पुढे इतकी वर्षे सरकारी कागदाचा जो चेहरा आपण पाहत आलो तो पुष्कळसा त्यांच्या हातचा आहे, हे त्या कागदांवर सही करणाऱ्यांना ठाऊकही नसेल.

आमच्या प्रणालीपुढची अडचण सूक्ष्म होती, पण रोजची होती. मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. हिंदी वळणात 'ल' दंडाचा आणि 'श' शेंडीचा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' नक्की करून दिला. परंतु युनिकोडमध्ये या दोन्ही रूपांना संकेतांक एकच आहे. पडद्यावर कोणते रूप उमटेल हे फॉन्ट ठरवितो, आणि फॉन्ट पुष्कळदा हिंदी धरून चालतो. आता 'कशेडी' या नावात 'श' आहे आणि 'पोलादपूर' या नावात 'ल' आहे. आमच्या पडद्यावर मथळ्यात एक फॉन्ट आणि तक्त्यात दुसरा असल्यामुळे एकाच गावाचे नाव एकाच पडद्यावर दोन वळणांत उमटे. हे कोणी बोलून दाखविले नव्हते, पण निवृत्त झालेल्या एका प्राथमिक शिक्षकांनी पावती हातात घेताच विचारले, "हे बाहेरच्या राज्यातून छापून आणता काय?" ज्या फॉन्टच्या पोटात दोन्ही रूपे असतात त्याला पानाच्या आरंभी येथील भाषा मराठी आहे एवढे दोन अक्षरांत सांगितले, की तो निमूटपणे मराठी वळण धरतो. अशी सांगण्याची सोय असते हे पुष्कळ प्रोग्रामरांच्या गावीही नसते. आम्ही ती ओळ प्रत्येक पडद्याच्या मुळाशी घातली आणि दोन्ही रूपे बाळगणारा मुक्त परवान्याचा एकच फॉन्ट सर्वत्र ठेवला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेल्या 'मुक्ता'सारखे फॉन्ट अशा परवान्यावर मिळू लागल्यापासून, आपल्यासारख्या फुकट काम करणाऱ्यांना चोरीच्या फॉन्टांवर जगावे लागत नाही, ही गेल्या दहा-बारा वर्षांतली मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे.

'खोऱ्यातील', 'पायऱ्या' अशा शब्दांतील तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' टंकण्याच्याही दोन रीती आहेत, आणि दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि नाव शोधले तर सापडत नाही. दिसण्यातली एकरूपता आणि नोंदीतली एकरूपता या दोन गोष्टी आहेत हे त्या वेळी मला नीट उमगले. टंकलेले काहीही साठवण्यापूर्वी एकाच रीतीत आणावे हा नियम दृश्य ओळखीच्या नियमावलीत कशाला, असे एकाने विचारलेही. तो तेथेच राहिला. अंकांविषयी वाद थोडक्यात मिटला: रकमा, तारखा आणि अनुक्रमांक देवनागरीत, पण पाण्याच्या मीटरचा क्रमांक आणि फोनचा क्रमांक इंग्रजी अंकांत, कारण वस्तूवर अंक जसा कोरलेला आहे तसाच पडद्यावर असला तर ताडून पाहणे सोपे जाते.

पावतीच्या नमुन्यावर मी सर्वांत अधिक श्रम घेतले, कारण बहुतेक गावकऱ्यांच्या दृष्टीने प्रणाली म्हणजे ती पावतीच, पडदा भाऊसाहेबांपुरता. पावती काळ्या शाईच्या छपाईयंत्रावर निघणार, तीही कधी अर्धी शाई संपलेल्या, आणि पुढे तिची झेरॉक्स निघणार, त्या झेरॉक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर मुंबईला जाणार. म्हणजे रुमालाचा रंग येथे कामाचा नव्हता. येथे काम रचनेने करावयाचे होते. शिवछत्रपतींच्या पत्रांवर आरंभी मुद्रा आणि मजकूर संपेल तेथे मर्यादेचा शिक्का उमटवीत. मर्यादा बसली की तिच्यापुढे मागाहून एक ओळही घुसविता येत नसे, आणि तो शिक्का पाहताच पत्र कोठे संपले आणि कोणाचे आहे या दोन्ही गोष्टी कळत. रायगडाच्या चित्राला मी नकार दिला होता. पण रायगडाच्या दप्तराची ही युक्ती मी बिनदिक्कत घेतली. आमच्या पावतीवर एकूण रकमेच्या लगेच खाली, डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत, उभ्या दंडांची एक पट्टी येते आणि तिच्या मध्यभागी भरीव चौकोन. पट्टीच्या खाली काही लिहिलेले आढळले तर ते पावतीचा भाग नाही. पुढे हीच पट्टी आणि हाच चौकोन प्रणालीचे बोधचिन्ह झाले. मुलांनी मागितलेला लोगो असा शेवटी, कामातूनच, निघाला, आणि तो रबराच्या शिक्क्यावरही नीट उठतो.

शिक्क्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावतीवर गोल शिक्का नसेल तर ती खरी नव्हे ही समजूत इतकी दृढ आहे, की संगणकाने छापलेल्या कागदावर सही-शिक्क्याची गरज नाही हे वाक्य छापूनही लोक शिक्का मारून घेतात. प्रथम मला ते वाक्य ठळक करावे असे वाटले. नंतर मी शिक्क्यासाठी कोरी जागाच आखून दिली. लोकांची समजूत मोडण्याचे काम पावतीच्या नमुन्याने करू नये.

सरकारी नमुनेही मी या काळात नव्या दृष्टीने पाहू लागलो. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाराचे रूप कित्येक दशकांनंतर प्रथमच बदलले: पार्श्वभूमीला राज्यशासनाचे आणि ई-महाभूमीचे बोधचिन्ह आले, गावाच्या नावाशी त्याचा संकेतांक जोडला गेला, आणि रद्द झालेल्या नोंदी पूर्वी कंसात दाखवीत त्या आडव्या रेघेने छेदून दाखविण्यास सुरुवात झाली. 'नोंदीला कंस झाला' या बोलण्यात ज्यांची हयात गेली त्यांना ते खटकले. मला ती रेघ आवडली, कारण कंसाचा अर्थ शिकावा लागतो आणि खोडलेल्याचा शिकावा लागत नाही. आधारचे चिन्ह २०१० साली अतुल सुधाकरराव पांडे या मराठी माणसाने केले, सूर्याच्या पोटात अंगठ्याचा ठसा. आणि त्याच वर्षी पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. ते चिन्ह मी पोलादपूरच्या बाजारात रंगाऱ्याच्या हाताने काढलेले पाहिले आहे, किरण कमीजास्त झालेले, ठशाच्या रेघा कांद्याच्या चकतीसारख्या, आणि तरी ते ओळखू येते. बोधचिन्हाची परीक्षा त्याच्या उत्तम प्रतीवर घ्यावी असे आम्हांला शिकविले होते. मी आता ती सर्वांत वाईट प्रतीवर घेतो.

नियमावली तयार झाली ती थोड्याच पानांची. तिच्यावर पहिली मोठी चकमक गणपतीच्या आधी झाली. एकाने उत्साहाने मुख्य पडद्यावर तोरण आणि मोदक घातले. चित्र सुरेख होते. पण पडदा सरकारी कामाचा, आणि गणपतीला तोरण बांधले की ईदेला काय, १४ एप्रिलला काय, हे प्रश्न आलेच असते. शिवाय तोरणामुळे बटणे दोन बोटे खाली सरकली होती, आणि सवयीने बोट ठेवणाऱ्या भाऊसाहेबांकडून एक पावती दोनदा निघाली. तोरण निघाले. दुसरा वाद जर्मनीत असलेल्या एका मराठी मुलाने काढला: पडद्याला काळी पार्श्वभूमी हवी, डोळ्यांना बरे वाटते. कोकणातल्या भर दुपारी काळ्या पडद्यावर स्वतःचेच तोंड दिसते, असे त्याला कळविले. त्यावर त्याने वीज गेलेल्या संध्याकाळी फोनची बॅटरी पुरविण्याचे कारण पुढे केले, आणि ते बिनतोड होते. आता दोन्ही आहेत, आणि काळ्या पडद्यासाठी रुमालाचा रंग उजळून घेतला आहे. नियम हरला, कारण जिंकले. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही.

मध्यंतरी मराठवाड्यातील काही मंडळींनी, ज्यांना मी आजवर भेटलेलो नाही, या प्रणालीला जन्म-मृत्यूच्या नोंदींचा विभाग जोडला. जन्माच्या नोंदीला एक रंग आणि मृत्यूच्या नोंदीला दुसरा, असा त्यांचा पहिला मसुदा होता. तो मला दाखविण्यापूर्वीच त्यांनी मागे घेतला, आणि मागे घेताना 'मनुष्याचे नाव रंगवू नये' या नियमाचा आणि त्याखालच्या भाऊसाहेबांच्या वाक्याचा हवाला दिला. पाणीपट्टीच्या थकबाकीसाठी लिहिलेली ती ओळ मृत्यूच्या दाखल्याला लागू पडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. त्यांचे पडदे आमच्या पडद्यांशेजारी ठेवले तर वेगळे काढता येत नाहीत. दाखल्याचा डावा समास मात्र त्यांनी अरुंद ठेवला आहे. फाइलीला लावण्यासाठी भोके पाडली की मृताच्या नावाचे पहिले अक्षर जाईल, असे मी त्यांना कळविले. त्यांच्याकडे दाखला फाइलीला लावीत नाहीत, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात, असे त्यांचे उत्तर आले आहे, आणि कोणाच्या कारणावर नियम लिहावा याचा निकाल अजून लागावयाचा आहे.